पीएचपीमध्ये फॉर्मचा डेटा घ्यायचा कसा, अगदी पहिल्यापासून

पीएचपी शिकायला घेतलं की इको होतं, इफ-एल्स होतं, लूप होतात, आणि मग गाडी अडते ती फॉर्मवर. खरंतर या भाषेचा जन्मच जवळपास याच कामासाठी झालाय, रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये ती लोकांसमोर ठेवली आणि थोड्याच काळात तिच्या नावापुढे एफआय म्हणजे फॉर्म इंटरप्रिटर असं शेपूट लागलं. त्यामुळे फॉर्मचा डेटा वाचणं इथे इतकं सोपंय की पाच मिनिटांत जमतं, आणि तोच घोळ आहे. वाचणं जमलं म्हणजे झालं असं वाटतं, पुढचं कोणी बघतच नाही.

आधीच सांगतो, खाली तयार कोड टाकलेला नाही, मुद्दाम. कॉपी-पेस्ट केलं की फॉर्म चालतो पण डोक्यात काही जात नाही. फंक्शनची नावं मराठीत लिहिलीत, एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाइप केली की बाकीचं तो स्वतःच सुचवतो, आणि पीएचपीचं ऑनलाइन मॅन्युअल इतकं चांगलंय की बहुतेक फंक्शनच्या पानावर उदाहरण असतंच.

उदाहरण म्हणून एक साधा फॉर्म धरू. एका ट्रेकिंग ग्रुपला नावनोंदणी हवीय: नाव, मोबाइल, वय, कुठला ट्रेक (राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई यांपैकी एक), जेवण हवंय का याचा चेकबॉक्स, आणि शेवटी शेरा म्हणून मोठा बॉक्स. एवढ्यात जवळपास सगळे प्रकार येतात.

पायरी १: चालवायचं कुठे

झॅम्प (सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलं असेल तर एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल ठेवा. नसेल तर नुसतं पीएचपी इन्स्टॉल असलं तरी चालतं, ५.४ आवृत्तीपासून त्यात स्वतःचा छोटा सर्व्हर आहे, कमांड लाइनवर त्या फोल्डरमध्ये जाऊन पीएचपी, मग डॅश कॅपिटल एस, मग लोकलहोस्ट कोलन ८००० एवढं टाइप केलं की सुरू. तो फक्त शिकण्यापुरता, खऱ्या साइटसाठी नाही. आणि फाइलवर डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडू नका, तसं उघडलं की पीएचपी वाटेत येतच नाही, कोड तसाच्या तसा दिसतो नाहीतर डाउनलोड होतो, आणि नवीन माणूस इथेच वैतागून उठतो. पत्ता लोकलहोस्टनेच सुरू व्हायला हवा.

पायरी २: एचटीएमएलची बाजू

फॉर्म टॅगला दोन गोष्टी द्यायच्या, मेथड पोस्ट आणि अॅक्शन म्हणजे डेटा कुठल्या फाइलकडे जाणार. आपण त्याच फाइलकडे परत पाठवू, का ते पुढे कळेल. प्रत्येक इनपुटला नेम पाहिजेच. आयडी आणि नेम यात गोंधळ होतो, आयडी हा सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी, सर्व्हरकडे जाते ती जोडी नेम आणि व्हॅल्यूची. नेम नसेल तर ते खाणं (म्हणजे फॉर्ममधली ती भरायची जागा) सर्व्हरला कधी दिसणारच नाही, एररही येणार नाही. नेममध्ये स्पेस किंवा डॉट टाकू नका, पीएचपी त्याचं गुपचूप अंडरस्कोर करतं आणि मग तुम्ही तासभर शोधत बसता की डेटा गेला कुठे.

पानाच्या हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ टाका. मराठी नावं येणार आहेत, हे विसरलं की नंतर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

गेट की पोस्ट हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गेटमध्ये भरलेलं सगळं वरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसतं, ब्राउझरच्या हिस्टरीत राहतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये जातं. सर्च बॉक्सला ते बरंच आहे, लिंक कोणाला पाठवता येते. पण लोकांचे मोबाइल नंबर त्यात नकोत, आणि ज्याने डेटाबेसमध्ये काही बदलतं ते तर कधीच गेटने नको. पोस्टने डेटा दिसत नाही म्हणजे तो सुरक्षित झाला असं मात्र नाही हां, त्यासाठी एचटीटीपीएस लागतं.

पायरी ३: आधी नुसतं बघा काय येतंय

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. फाइलच्या सुरुवातीला व्हार डम्प लिहून त्यात डॉलर अंडरस्कोर पोस्ट हा अॅरे द्या, बाहेरून प्री टॅग लावा म्हणजे नीट ओळीत दिसेल. आता फॉर्म भरून सबमिट मारा.

वयात इंग्रजी आकड्यांत २४ टाकलंत ना, ते काय म्हणून आलंय बघा. स्ट्रिंग, लांबी दोन. इनपुटचा टाइप नंबर ठेवला असला तरी स्ट्रिंगच. एचटीएमएल फॉर्ममधून सर्व्हरकडे पोचतो तो मजकूर, आकडा-तारीख वगैरे प्रकार वाटेत गळून जातात. आता चेकबॉक्सची टिक काढा आणि परत सबमिट करा. जेवणाची की (key, म्हणजे अॅरेमधलं त्या खाण्याचं नाव) अॅरेमधून गायबच झाली, "नाही" असं काही येत नाही, काहीच येत नाही. म्हणून चेकबॉक्स वाचताना इसेट वापरायचं, की आहे म्हणजे टिक आहे, नाही म्हणजे नाही.

आता सगळं रिकामं ठेवून सबमिट करा. टेक्स्टबॉक्स मात्र येतात, पण रिकामी स्ट्रिंग म्हणून. म्हणजे नाव भरलंय का हे इसेटने कळणार नाही, ते नेहमी हो म्हणेल. आणि एम्प्टी वापरायचा मोह होईल, तर लक्षात ठेवा की एम्प्टीला "0" (इंग्रजी शून्य) ही स्ट्रिंगसुद्धा रिकामी वाटते, "सोबत किती जण" या प्रश्नाला कोणी शून्य लिहिलं तर त्याने काही भरलंच नाही असं धरलं जाईल. सरळ रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करा.

अजून एक करून बघा. ब्राउझरमध्ये ट्रेकच्या ड्रॉपडाउनवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि त्यातल्या कळसूबाईच्या ऑप्शनची व्हॅल्यू बदलून एव्हरेस्ट करा, मग तो ऑप्शन निवडून सबमिट. आला की नाही एव्हरेस्ट? रिक्वायर्ड, मॅक्सलेंग्थ, टाइप ईमेल, जावास्क्रिप्टचं चेकिंग, हे सगळं भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतं, ते ठेवाच, पण त्याच्या ब्राउझरमध्ये त्याचं राज्य आहे आणि त्याला ब्राउझरही लागत नाही, कर्ल या कमांड लाइनच्या साधनाने थेट पाठवता येतं. हिडन फील्डचंही तेच. ट्रेकची फी हिडन फील्डमध्ये ठेवून तीच परत वाचणारे फॉर्म अजूनही सापडतात, म्हणजे पंधराशेचा ट्रेक एक रुपयात. फी सर्व्हरवरच्या यादीतून काढायची, फॉर्ममधून फक्त ट्रेकचं नाव घ्यायचं.

पायरी ४: सुरक्षित उचलायचं

आता खरा कोड. सगळ्यात वर एक इफ: डॉलर अंडरस्कोर सर्व्हरमधली रिक्वेस्ट मेथड पोस्ट आहे का. असेल तरच पुढचं, नाहीतर कोरा फॉर्म दाखवायचा. हे नसेल तर पान पहिल्यांदा उघडल्यावरच "नाव भरा, मोबाइल भरा" अशा लाल ओळी दिसतात, बिचाऱ्याने अजून हात पण लावलेला नसतो.

मग एकेक व्हॅल्यू उचला. की नसली तर वॉर्निंग येते म्हणून दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरा, ?? असा, ७.० पासून आहे. "पोस्टमधलं नाव, ते नसेल तर रिकामी स्ट्रिंग" असं एका ओळीत होतं. त्यावर ट्रिम, म्हणजे मागच्या-पुढच्या स्पेस गेल्या.

इथे एक गंमत. कोणी नेमच्या पुढे चौकोनी कंस जोडून पाठवलं तर पीएचपी त्याचा अॅरे बनवतं, ही सोयच आहे, एकाच नावाचे बरेच चेकबॉक्स असले की उपयोगी पडते. पण तुमच्या नाव या खाण्याला बाहेरच्याने मुद्दाम कंस जोडला तर ट्रिमला स्ट्रिंगऐवजी अॅरे मिळेल आणि पीएचपी ८ मध्ये टाइप एरर येऊन पान तिथेच पडेल. म्हणून एक छोटं फंक्शन लिहून ठेवा, की घ्यायची, ती व्हॅल्यू इझ स्ट्रिंग आहे का बघायचं, नसेल तर रिकामी स्ट्रिंग परत, असेल तर ट्रिम करून परत. चार ओळींचं काम, सगळीकडे वापरा.

पायरी ५: एकेक खाणं तपासा

एक एरर नावाचा रिकामा अॅरे घ्या. जे चुकलं त्याचा मेसेज त्या खाण्याच्या नावाने त्यात टाकायचा. पहिली चूक दिसली की डाय करून थांबू नका, सगळ्या चुका एकदम दाखवा, नाहीतर माणूस पाच वेळा सबमिट करतो आणि सहाव्यांदा फोन करतो.

नावापासून सुरू करू, कारण मराठी फॉर्म सगळ्यात जास्त इथेच मार खातात. नेटवरच्या उदाहरणांमध्ये नावासाठी रेगेक्स (मजकूर कसा असावा याचा साचा) असतो ए ते झेड आणि स्पेस. झालं, देवनागरीत नाव लिहिणारा बाहेर. मग कोणीतरी सांगतं की युनिकोडचा "अक्षर" वर्ग वापर, बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल, शेवटी यू फ्लॅग. तो लावून "सुनीता" टाकून बघा, नापास! कारण उकार, दीर्घ वेलांटी आणि काना ही चिन्हं युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नाहीतच, ती मार्क या वेगळ्या वर्गात आहेत, एमचा वर्गही जोडावा लागतो. बरं तो जोडला, आता "कऱ्हाडे" आलं. काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकतात, तो ना एलमध्ये ना एममध्ये, परत नापास. आणि वसईची किंवा गोव्याची मंडळी आडनाव इंग्रजीत लिहितात तेव्हा डी नंतर अॅपॉस्ट्रॉफी देऊन सोझा लिहितात, कोणाच्या नावात इनिशियलचा डॉट असतो, कोणाचं जोडआडनाव डॅशने.

माझं मत विचाराल तर नावाला रेगेक्स लावूच नका. रिकामं नाही ना, आणि फार लांब नाही ना, बास. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असे तीन बॉक्स करून तिन्ही सक्तीचे करणं हा तर शुद्ध छळ आहे, एकच "पूर्ण नाव" ठेवा.

"फार लांब" मोजताना मात्र स्ट्रलेन वापरू नका. ते बाइट मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. "नमस्ते" ची स्ट्रलेन १८ येते. एमबी अंडरस्कोर स्ट्रलेन ६ सांगतं, न, म, स, हलन्त, त, मात्रा असे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला व्हारकॅर ५० (मजकुराचा कॉलम) म्हणजेही अशी ५० चिन्हं, त्यामुळे एमबीवालं मोजमाप त्याच्याशी जुळतं. ही फंक्शन्स नाहीत असा एरर आला तर पीएचपी डॉट आयएनआय फाइलमध्ये एमबीस्ट्रिंग एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचा सेमीकोलन काढायचा आणि सर्व्हर परत सुरू करायचा. आणि यूटीएफ-८ म्हणून जे आलंय ते खरंच तसं आहे का हे एमबी चेक एन्कोडिंगने एकदा बघून घ्या, तुटका बाइट आला तर डेटाबेस तक्रार करेल त्यापेक्षा आधी तुम्हीच अडवा.

मोबाइल. लोक काय काय लिहितात बघा: मध्ये स्पेस, मध्ये डॅश, पुढे शून्य, पुढे प्लस ९१, आणि मराठी कीबोर्ड चालू असेल तर देवनागरी आकडे. हे सगळं बरोबरच आहे, माणसाला वाचता येतं तर तुम्हालाही आलं पाहिजे, "कृपया फक्त आकडे टाका" असं सांगून त्याला परत पाठवू नका. आधी एसटीआरटीआर फंक्शनला दहा देवनागरी अंकांचा नकाशा देऊन ते इंग्रजी अंक करून घ्या. हे लागतंच, कारण पीएचपीला देवनागरी अंक हे अंक वाटतच नाहीत, इंटमध्ये कास्ट केलं की शून्य येतं. मग रेगेक्सने अंक सोडून बाकी सगळं काढून टाका, पण रेगेक्समध्ये बॅकस्लॅश डी न लिहिता चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असं लिहा, यू फ्लॅग लावला की बॅकस्लॅश डीमध्ये इतर लिप्यांचे अंकही बसतात. उरलेले अंक बारा असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तर ते दोन काढा, अकरा असून पुढे शून्य असेल तर ते काढा, शेवटी दहाच उरले पाहिजेत आणि पहिला ६ ते ९ मधला.

आणि हा नंबर डेटाबेसमध्ये इंट कॉलममध्ये ठेवू नका. मायएसक्यूएलच्या साध्या इंटची कमाल २१४७४८३६४७ आहे, आपले मोबाइल नंबर त्याच्या वर जातात. स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर एरर न येता सगळ्यांचा नंबर हाच सेव्ह होतो, म्हणजे यादीत पन्नास जण आणि सगळ्यांना फोन एकच! कुठल्या टेबलमध्ये २१४७४८३६४७ दिसला की समजायचं काय झालंय ते. नंबरची बेरीज-वजाबाकी करायची नसते, तो मजकूरच आहे, व्हारकॅर ठेवा.

वय सोपं. अंक बदलून घ्यायचे आणि फिल्टर व्हार, फिल्टर व्हॅलिडेट इंट, ऑप्शनमध्ये मिन रेंज आणि मॅक्स रेंज. चूक असेल तर फॉल्स परत येतं. तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी करा, ===, कारण कधी शून्य हे उत्तर चालणारं असलं तर दोन चिन्हांच्या तुलनेत शून्य आणि फॉल्स एकच होतात.

ट्रेक हा यादीतून आलाय, तर यादीतच आहे का हे बघायचं, इन अॅरे वापरून, तिसरं आर्ग्युमेंट ट्रू. तीच यादी वापरून वरचा ड्रॉपडाउन बनवा म्हणजे दोन ठिकाणी दोन याद्या होणार नाहीत. एव्हरेस्ट इथे पडतो.

शेऱ्याला फक्त लांबीची मर्यादा, बाकी त्यात माणसाने काय लिहायचं ते लिहू दे.

पायरी ६: ठेवताना जसंच्या तसं, दाखवताना झाकून

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. बऱ्याच ट्युटोरियलमध्ये एक फंक्शन असतं, ट्रिम, मग स्ट्रिपस्लॅशेस, मग एचटीएमएलस्पेशलकॅर्स, आणि आलेला प्रत्येक इनपुट त्यातून काढून डेटाबेसमध्ये टाकतात. नाव साधारण क्लीन किंवा सॅनिटाइज. हे करू नका. दिसायला नीटनेटकं आहे, पण चुकीच्या दाराशी पहारा बसवलाय.

बघा, कोणी शेऱ्यात इंग्रजीत टी अँड बी लिहिलं, मधलं चिन्ह अँपरसँडचं. आत येतानाच एस्केप केलं, म्हणजे धोक्याच्या चिन्हांची निरुपद्रवी रूपं करून टाकली, तर डेटाबेसमध्ये त्या एका चिन्हाऐवजी पाच चिन्हांचं एचटीएमएलचं लफडं सेव्ह होतं. पानावर ते ठीक दिसेल, पण एसएमएसमध्ये तसंच कच्चं जाईल, एक्सेलमध्ये तसंच दिसेल, आणि कोणी एडिट करून परत सेव्ह केलं तर त्याच्यावर अजून एक थर. स्ट्रिपस्लॅशेसही एका जुन्या काळाचं भूत आहे, तेव्हा पीएचपी मॅजिक कोट्स नावाने स्वतःच स्लॅश घालायचं, ते ५.४ मध्ये म्हणजे २०१२ लाच काढलं.

मजकूर धोकादायक होतो तो कुठे चाललाय त्यावर. एचटीएमएलमध्ये जात असेल तर कोनाचा कंस धोक्याचा, एसक्यूएलमध्ये जात असेल तर अवतरण चिन्ह, सीएसव्हीमध्ये जाऊन एक्सेलमध्ये उघडणार असेल तर सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह, कारण एक्सेल त्याला फॉर्म्युला समजतं. आत येताना हे कुठे जाणार तुम्हाला माहीतच नसतं. म्हणून आत घेताना तपासायचं, ठेवायचं लिहिलंय तसंच, आणि बाहेर काढताना त्या त्या जागेप्रमाणे एस्केप करायचं.

एचटीएमएलसाठी: जिथे जिथे वापरणाऱ्याचा मजकूर इको होतो तिथे तिथे एचटीएमएलस्पेशलकॅर्स. नाव लांब आहे म्हणून लोक कंटाळा करतात, तर एका अक्षराचं फंक्शन बनवून टाका, ई नाव ठेवतात बरेच जण, त्यात एन्ट कोट्स आणि यूटीएफ-८ लिहून ठेवा. ८.१ पासून एन्ट कोट्स आपोआप आहे, त्याआधी सिंगल कोट तसाच सुटायचा, आणि होस्टिंगवर कुठली आवृत्ती मिळेल सांगता येत नाही. व्हॅल्यू अॅट्रिब्यूटभोवती कोट लावायला विसरू नका, नाहीतर एस्केप करूनही एका स्पेसने बाहेर पडता येतं.

टेस्ट अशी: नावात बोल्डचा टॅग टाइप करून पुढे नाव लिहा आणि मुद्दाम वय चुकवा. फॉर्म परत आल्यावर नावाच्या खाण्यात टॅग अक्षरशः जसा टाइप केला तसा दिसला पाहिजे. हेच नाव यादीच्या पानावर ठळक दिसलं तर तिथे एस्केप राहिलंय, आणि जिथे ठळक टॅग घुसतो तिथे स्क्रिप्ट टॅगही घुसतो, मग ग्रुप लीडरने यादी उघडली की त्याच्या लॉगिनने दुसऱ्याची स्क्रिप्ट चालेल.

चूक झाल्यावर भरलेलं सगळं परत खाण्यांत दिसलं पाहिजे, म्हणून तर फॉर्म आणि प्रोसेसिंग एकाच फाइलमध्ये ठेवलं. व्हॅल्यूमध्ये जुनी व्हॅल्यू ई फंक्शनमधून, खाली त्या खाण्याचा एरर. चेकबॉक्सला चेक्ड आणि ड्रॉपडाउनला सिलेक्टेड, टेक्स्टएरियाला व्हॅल्यू अॅट्रिब्यूट नसतं, मजकूर दोन टॅगच्या मध्ये जातो. इंग्रजीत याला स्टिकी फॉर्म म्हणतात, मोबाइलवर अंगठ्याने शेरा लिहिलेल्या माणसाला तो नसला तर काय वाटतं विचारू नका.

पायरी ७: डेटाबेस

पीडीओ घ्या, पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय. कनेक्शनच्या स्ट्रिंगमध्ये कॅरसेट यूटीएफ८एमबी४ लिहा, मायएसक्यूएलचं नुसतं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं, त्यात मराठी बसतं म्हणून टेस्टिंगमध्ये काही कळत नाही, आणि पहिल्या इमोजीला गाडी अडते. टेबलसुद्धा त्याच कॅरसेटचं हवं.

क्वेरी जोडताना डॉट लावून व्हेरिएबल मध्ये घुसवायचं नाही, कधीच नाही. वर सोझांचा अॅपॉस्ट्रॉफी आला होता ना, तो अशा क्वेरीत गेला की मायएसक्यूएलला वाटतं स्ट्रिंग तिथेच संपली, आणि एरर. एका सरळ माणसाच्या आडनावाने क्वेरी तुटत असेल तर वाकड्या माणसाला त्यात स्वतःची क्वेरी घालता येते, एसक्यूएल इंजेक्शन ते हेच. प्रिपेअरमध्ये व्हॅल्यूंच्या जागी कोलन नाव, कोलन मोबाइल असे प्लेसहोल्डर, आणि एक्झिक्यूटला अॅरे. क्वेरी वेगळी, डेटा वेगळा, मग अॅपॉस्ट्रॉफी असो नाहीतर काही. अॅडस्लॅशेस वगैरे काही लागत नाही. फक्त कॉलमचं किंवा टेबलचं नाव प्लेसहोल्डरने जात नाही, यादी वयाने लावायची की नावाने हे फॉर्ममधून येत असेल तर परत इन अॅरेवाली युक्ती.

कुठल्या ट्युटोरियलमध्ये मायएसक्यूएल अंडरस्कोर क्वेरी दिसलं तर टॅब बंद करा, ते ७.० मध्येच भाषेतून गेलंय.

पायरी ८: सेव्ह झालं की पान बदला

सेव्ह करून तिथेच "धन्यवाद" दाखवलं आणि माणसाने रिफ्रेश मारलं की तोच पोस्ट परत जातो, एकाच माणसाच्या दोन सीटा. म्हणून सेव्ह झाल्यावर हेडर फंक्शनने लोकेशन धन्यवादच्या पानाचं द्या, स्टेटस ३०३, आणि लगेच पुढच्या ओळीत एक्झिट. एक्झिट विसरलं तर खालचा कोड चालतच राहतो. "हेडर्स ऑलरेडी सेंट" असा एरर आला तर त्याआधी कुठेतरी काहीतरी इको झालंय, पायरी ३ चं व्हार डम्प राहिलंय का बघा, नाहीतर सुरुवातीच्या पीएचपी टॅगच्या आधी एखादी रिकामी ओळ असते.

बटण दोनदा दाबणारे लोक यातूनही सुटतात, त्यांच्यासाठी टेबलवर ट्रेक, मोबाइल आणि नाव या तिघांवर मिळून युनिक की लावा. नुसत्या मोबाइलवर नको, घरातल्या चौघांची नावं एकाच नंबरवर देणारे बरेच असतात.

पायरी ९: टोकन, आणि फोटो असेल तर

लॉगिन असलेल्या फॉर्मला, म्हणजे लीडरच्या "नाव काढा" बटणाला, सीएसआरएफ टोकन हवंच. नाहीतर दुसऱ्याच साइटवरचं पान लीडरच्या ब्राउझरकडून तुमच्या फॉर्मला पोस्ट करवून घेऊ शकतं. रँडम बाइट्सने ३२ बाइट घ्या, बिन टू हेक्स करून सेशनमध्ये ठेवा, हिडन फील्डमध्ये द्या, आल्यावर हॅश इक्वल्सने ताडून बघा. लॉगिन नसलेल्या साध्या नोंदणीला हे नसलं तरी आभाळ कोसळत नाही, पण सवय म्हणून लावलेलं बरं.

फोटो मागायचा असेल तर फॉर्मला एन्कटाइप मल्टिपार्ट स्लॅश फॉर्म-डेटा लागतं, फाइल डॉलर अंडरस्कोर फाइल्समध्ये येते. मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी मर्यादा असते, आजच्या फोनचा फोटो त्यापेक्षा सहज मोठा. ८ च्या वर गेलं तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अॅरे रिकामे येतात आणि तुमचा कोड म्हणतो "नाव भरा", भरणारा म्हणतो भरलंय की! रिक्वेस्ट पोस्ट आहे पण अॅरे रिकामा, असं असेल तर "फाइल फार मोठी आहे" असा वेगळा मेसेज द्या. फाइलचं मूळ नाव आणि ब्राउझरने सांगितलेला प्रकार यावर विसंबू नका, फाइलइन्फोने खरा प्रकार बघा, नाव स्वतः बनवून द्या, मूव्ह अपलोडेड फाइलने हलवा, आणि शक्यतो वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा, कारण फोटो म्हणून आलेली पीएचपी फाइल तिथे ठेवली आणि कोणी तिचा पत्ता टाइप केला तर ती चालेल.

लाइव्ह टाकण्याआधी डिस्प्ले एरर्स बंद, लॉग एरर्स चालू. आणि यादी लीडरला सीएसव्हीत द्यायची असेल तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बॉम म्हणजे तीन बाइट आधी लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये सगळी देवनागरी नावं कचरा दिसतात आणि तो म्हणतो तुमच्या फॉर्ममध्येच गडबड आहे.